बॅटरी घ्यायच्या आधी ती एक्सेलमध्ये चालवून बघा

माझा भाचा विश्रामबागेत, सांगलीत राहतो. गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटर आहे, बिल जवळजवळ स्थिर आकारापुरतंच येतं. तरी एके रविवारी मिरजेला आला तो हातात एक रंगीत कोटेशन घेऊन. ५ युनिटांची लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रीड तिन्ही सांभाळणारा), मिळून १ लाख ७५ हजार, "आठ वर्षांत पूर्ण वसूल". खाली हिशेबही छापलेला: ५ युनिट गुणिले ३६५ दिवस गुणिले १२ रुपये, म्हणजे वर्षाला २१,९०० रुपये बचत.

मी पॉलिटेक्निकमध्ये सव्वीस वर्षं विद्युत शाखेला शिकवलंय. असा एका ओळीचा हिशेब दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. ती ओळ खरी ठरायला रोज बॅटरी शंभर टक्के भरायला हवी आणि शंभर टक्के रिकामी व्हायला हवी, आत टाकलेलं सगळं बाहेर यायला हवं, आणि ते युनिट बॅटरीत न जाता ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, गेलं असतं तर त्याचे शून्य रुपये मिळाले असते, असं मानायला हवं. यातलं शेवटचं गृहीतक नेट मीटर असलेल्या घराला लागूच नाही. त्याचं युनिट ग्रीडमध्ये जमा होतं आणि रात्री परत मिळतं. ग्रीड ही त्याची फुकटची बॅटरीच आहे.

"मावशी, मग बॅटरी घेऊ नको म्हणतेस?"

"तसं नाही म्हणत. आधी कागदावर चालवून बघ म्हणते."

आम्ही तीन संध्याकाळी बसून एक्सेलमध्ये ती चालवून बघितली. कसं केलं ते लिहिते. तुमच्या घराचे आकडे घालून तुम्हीही करा. पाया म्हणून नेट मीटर, तीन-चार किलोवॅटचं सोलर आणि महावितरणचं घरगुती कनेक्शन धरलंय.

वापराचा आकडा बिलावर नसतो

सुरुवात इथेच चुकते. नेट मीटरच्या बिलावर आयात (ग्रीडकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (ग्रीडला दिलेली) दिसते. घरात वापरलेली वीज त्यात कुठेच लिहिलेली नसते, कारण दुपारी पॅनेलवरून थेट फ्रिजला गेलेली वीज मीटरपर्यंत येतच नाही. ती अशी काढायची: इन्व्हर्टरवरचं उत्पादन, अधिक आयात, वजा निर्यात. तिन्ही आकडे एकाच वेळी टिपायला हवेत. सकाळी इन्व्हर्टर बघितला आणि मीटर रात्री, असं केलंत तर उत्तर बिघडतं.

भाच्याला मी वही करायला लावली. चौदा दिवस, रोज चार वेळा: सकाळी ६, सकाळी ९, संध्याकाळी ५, रात्री १०. या वेळा उगाच निवडलेल्या नाहीत. गिझर आणि स्वयंपाकघराचा जोर ६ ते ९ मध्ये येतो, ऊन ९ ते ५, टीव्ही-मिक्सर-पाहुणे ५ ते १०, आणि उन्हाळ्यातला एसी रात्री १० नंतर. स्मार्ट मीटर बसलं असेल आणि ॲपमध्ये तासागणिक वापर दिसत असेल तर वहीचं काम सोपं होतं, पण पहिले चार दिवस दोन्ही ताडून बघा.

मग या चार तुकड्यांना अर्ध्या तासांच्या खणांत वाटायचं. समप्रमाणात वाटू नका. २ किलोवॅटचा गिझर वीस मिनिटं चालतो, अर्ध्या एचपीची मोटर टाकी भरेपर्यंत चालते, हे तुम्हाला माहीत आहे, तर ते त्या-त्या खणातच टाका. बॅटरीला एका वेळी किती देता येतं याची मर्यादा असते, आणि सपाट केलेल्या वापरात ती मर्यादा कधी दिसतच नाही. शेवटी प्रत्येक महिन्याची बेरीज त्या महिन्याच्या खऱ्या वापराशी जुळेल असा एक गुणक लावायचा. भाच्याचं वर्ष ३,४०० युनिटांचं निघालं.

उन्हाचा आकडा, आणि साडेपाच तासांची भानगड

सौर उत्पादनाची वर्षभराची तासवार नोंद बहुतेकांकडे नसते. युरोपियन आयोगाच्या संशोधन केंद्राचं पीव्हीजीआयएस नावाचं फुकट साधन आहे. नकाशावर आपलं घर निवडा (सांगली १६.८५ उत्तर, ७४.५७ पूर्व), पॅनेल ३ किलोवॅट, कल १५ अंश, दिशा दक्षिण, आणि तासवार फाईल उतरवून घ्या. दिशेचा आकडा नीट घाला: पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे ०, पूर्व उणे ९०. अमेरिकेच्या पीव्हीवॉट्समध्ये दक्षिण म्हणजे १८०. एका साधनाची सवय लागलेला माणूस दुसऱ्यात पॅनेल उत्तरेकडे तोंड करून बसवतो आणि मग उत्पादन कमी का आलं म्हणून डोकं खाजवतो. मीही बसवलंय.

दुसरी भानगड वेळेची. त्या फाईलमधली वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ असते. आपलं घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. फाईल तशीच चिकटवलीत तर सांगलीत सूर्य रात्री एकच्या सुमाराला उगवतो आणि सकाळी सातला डोक्यावर येतो. हसू नका, महिन्याच्या बेरजा बरोबर येत असल्यामुळे ही चूक लवकर कळत नाही. फक्त बॅटरी अशक्य चांगली किंवा अशक्य वाईट दिसते. आणि साडेपाचातला तो अर्धा तास तासाच्या ओळींत बसत नाही. म्हणून मी मॉडेल अर्ध्या तासाचंच करते. प्रत्येक तासाची ओळ दोन ओळींत वाटायची, आणि मग सगळा रकाना अकरा ओळी खाली सरकवायचा.

वर्ष कुठलं घ्यावं? आम्ही २०१९ मुद्दाम घेतलं, कारण पुढे येईल. पण जानेवारी ते डिसेंबर नको. नेट मीटरचं खातं आर्थिक वर्षाप्रमाणे चालतं. जमा युनिटं महिन्यामागून महिना पुढे जातात आणि मार्चअखेर हिशेब मिटतो, उरलेल्या युनिटांचे कंपनी थोडे पैसे देते. म्हणून १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२०. त्यात २९ फेब्रुवारी येतो, तो दिवस काढून टाका म्हणजे बरोबर १७,५२० ओळी राहतील. एकही कमी-जास्त असेल तर कुठेतरी चिकटवताना घोळ झालाय.

आता हे उत्पादन इन्व्हर्टरच्या खऱ्या आकड्यांशी ताडा. हवामानाचं वर्ष वेगळं असल्यामुळे महिना-महिना तंतोतंत जुळणार नाही, पण कल कळतो. भाच्याच्या बाबतीत फाईल मार्चला ४३० युनिट म्हणत होती आणि इन्व्हर्टर ३९५. दिवाळी ते होळी पाऊस नाही, रस्त्याचं काम चालू, आणि साहेब पॅनेल धुतात महिन्यातून एकदा, आठवण झाली तर. धुळीचे महिने थोडे खाली ओढल्यावर वर्षाचं उत्पादन ४,२०० युनिटांवर आलं.

बॅटरी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी

विद्यार्थ्यांना मी हेच सांगायचे. टाकी किती मोठी, नळ किती जाड, आणि गळती किती. याच्यापलीकडे घरगुती मॉडेलला काही लागत नाही. व्होल्टेजचे वक्र, पेशींचं रसायन हे सगळं संशोधन करणाऱ्यांसाठी सोडा.

भाच्याच्या कोटेशनमधली बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास: म्हणजे ३.२ व्होल्टच्या सोळा लिथियम फेरो फॉस्फेट पेशी ओळीने, एकूण ५.१२ युनिट. तळाचं अर्धं युनिट हात न लावता ठेवायचं, म्हणजे वापरता येणारं ४.६२. नळाची जाडी २.५ किलोवॅट, म्हणजे अर्ध्या तासात जास्तीत जास्त १.२५ युनिट. किलोवॅट आणि युनिट यांची गल्लत इथेच होते. अर्ध्या तासाच्या ओळीत २.५ लिहिलंत तर नळ दुप्पट जाड होतो.

गळतीसाठी आम्ही जाऊन-येऊन ८८ टक्के वीज परत मिळते असं धरलं. डेटाशीटवर ९५ किंवा त्याहून वरचे आकडे दिसतील. ते नुसत्या बॅटरीचे असतात, मध्ये इन्व्हर्टर दोनदा पडतो हे त्यात नसतं. ०.८८चं वर्गमूळ काढून भरताना ०.९४ आणि उपसताना ०.९४ असं दोन्हीकडे वाटायचं. शिसं-आम्लाची ट्युब्युलर बॅटरी असेल तर जाऊन-येऊन ७५ धरा.

आता रकाने. नावं मी मराठीत ठेवली, तुम्हीही ठेवा. सहा महिन्यांनी फाईल उघडल्यावर आपलं आपल्याला कळतं.

फरक = सूर्य − वापर

भरणं = मिन( मॅक्स(फरक, ०), १.२५, (५.१२ − मागचा साठा) ÷ ०.९४ )

उपसणं = मिन( मॅक्स(−फरक, ०), १.२५, (मागचा साठा − ०.५) × ०.९४ )

साठा = मागचा साठा + भरणं × ०.९४ − उपसणं ÷ ०.९४

निर्यात = मॅक्स(फरक, ०) − भरणं

आयात = मॅक्स(−फरक, ०) − उपसणं

'मिन' आणि 'मॅक्स' ही एक्सेलचीच सूत्रं. भरण्याचं सूत्र मराठीत वाचलं तर असं: जेवढं जास्तीचं आहे, जेवढं नळातून जाईल, आणि टाकीत जेवढी जागा आहे, यातलं सगळ्यात कमी. उपसण्याचंही तसंच. ५.१२, ०.५, १.२५ आणि ०.९४ हे आकडे सूत्रात थेट लिहू नका. वरच्या कोपऱ्यात वेगळ्या खणांत ठेवा आणि सूत्राने तिथून घ्यावेत. पुढे हेच आकडे बदलून बघायचेत.

पहिली ओळ हाताने भरा, दुसरीत सूत्रं लिहा, आणि खाली ओढा.

दोन परीक्षा, मगच पुढे

बॅटरीचा आकार शून्य करा (तळाचं अर्धं युनिटही शून्य). आता आयात-निर्यात गेल्या वर्षीच्या बिलांच्या आसपास यायला हवी. आली नाही तर बॅटरीबद्दल एक अक्षरही बोलू नका, वापराच्या रकान्याकडे परत जा. आमची पहिल्या रात्री आली नाही. आयात फारच कमी दिसत होती. भाच्याने एसीचा वापर दुपारी टाकला होता, कारण वहीचे चौदा दिवस त्याने घरून काम केलं होतं. एरवी दुपारी घर बंद असतं.

दुसरी परीक्षा बेरजेची. सूर्य अधिक आयात बरोबर वापर अधिक निर्यात अधिक गळती (साठ्यातला वर्षाच्या सुरुवातीचा-शेवटचा फरक धरून). आमचे आकडे असे:

बॅटरीशिवाय: सूर्य ४,२००, वापर ३,४००, आयात २,२५०, निर्यात ३,०५०.

बॅटरीसह: आयात ८३०, निर्यात १,४३६, गळती १९४. बॅटरीतून वर्षभरात बाहेर आलेली वीज १,४२० युनिट.

४,२०० अधिक ८३० म्हणजे ५,०३०. ३,४०० अधिक १,४३६ अधिक १९४ म्हणजेही ५,०३०. हे जुळल्यावर मी चहा टाकला.

कोटेशनमध्ये वर्षाला १,८२५ युनिट धरली होती. पावसाळ्यात टाकी भरत नाही, आणि जानेवारीत रात्री पंखेसुद्धा बंद असल्यामुळे ती रिकामी होत नाही. म्हणून १,४२०.

आणि हो, एक रकाना राहिला, जो जवळजवळ सगळे विसरतात. हायब्रिड इन्व्हर्टर रात्रंदिवस जागा असतो आणि जागं राहण्याचं जेवण घेतो. डेटाशीटमध्ये अगदी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. या यंत्राला ४० वॅट होतं. एका जुन्या ट्यूबलाईटएवढं, पण वर्षाचे ८,७६० तास धरले की ३५० युनिट. गळतीपेक्षा जास्त!

रुपये

युनिटांचा हिशेब भौतिकशास्त्राचा असतो, रुपयांचा नियामक आयोगाचा. दुसऱ्याला तर्काने भिडू नका. आपलं बिल आणि चालू दर-आदेश पुढ्यात घ्या. आम्ही तीन पद्धती घालून बघितल्या.

पहिली, साधं नेट मीटरिंग, दिवसाचं युनिट आणि रात्रीचं युनिट सारखं. बॅटरी नसताना भाच्याची वर्षाअखेरची शिल्लक ३,०५० वजा २,२५०, म्हणजे ८०० युनिट. बॅटरी लावल्यावर १,४३६ वजा ८३० वजा इन्व्हर्टरचे ३५०, म्हणजे २५६. बिल दोन्हीकडे स्थिर आकारापुरतंच. बॅटरीनं वाचवलेले पैसे: शून्य. उलट मार्चअखेर ज्या ८०० युनिटांचे चार पैसे मिळायचे त्यातली ५४४ गेली.

भाचा काही वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. "म्हणजे पावणेदोन लाख देऊन मी वीज घालवणार?"

दुसरी पद्धत वेळेनुसार दर. केंद्राने २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या आठ तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि मागणी चढलेल्या वेळचा दर जास्त ठेवायला सांगितलं. मोठे व्यापारी-औद्योगिक ग्राहक आणि शेती सोडून बाकी सगळ्यांसाठी त्याची मुदत १ एप्रिल २०२५ होती. इथे एक प्रश्न सगळं ठरवतो: तुमचं जास्तीचं दुपारचं युनिट कोणत्या वेळेच्या खात्यात जमा होतं? महाराष्ट्राच्या २०१९च्या रूफटॉप नियमावलीत असं होतं की वेळेनुसार दर लागू असलेल्याचं उत्पादन आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा करायचं, आणि उरलेलं कमी मागणीच्या वेळेत निर्माण झालं असं धरायचं. पुढे दर-आदेश बदलत गेलेत, म्हणून तुमच्या शेवटच्या तीन बिलांवर हे कसं केलंय ते बघूनच सूत्र लिहा.

उदाहरणापुरतं धरू: दिवसाच्या युनिटला ८ रुपये जमा, संध्याकाळच्याला ११ रुपये खर्च. बॅटरीतून एक युनिट काढायला आत १.१४ टाकावं लागतं, म्हणजे त्या युनिटाची किंमत ८ भागिले ०.८८, ९ रुपये ९ पैसे. सुटले १ रुपया ९१ पैसे. गुणिले १,४२०, साधारण २,७०० रुपये. इन्व्हर्टरच्या जागरणाचे ३५० युनिट ९ रुपयांनी ३,१५०. म्हणजे हा फरक असूनही वर्षाला साडेचारशे रुपये खिशातून.

तिसरी, नेट बिलिंग: दिलेल्या युनिटला ३ रुपये, घेतलेल्याला १०. आता १० वजा (३ भागिले ०.८८), म्हणजे ६ रुपये ५९ पैसे प्रत्येक युनिटामागे, वर्षाला साधारण ९,३०० आणि जागरणाचे दोनेक हजार वजा. हाती सात हजार तीनशे. पावणेदोन लाख भागिले ते, चोवीस वर्षं. बॅटरी तोवर राहिली तर.

या तीन आकड्यांपेक्षा मला एकच आकडा उपयोगी वाटतो, आणि तो दरावर अवलंबून नाही. पावणेदोन लाख दहा वर्षांत वाटले तर वर्षाला १७,५००. बॅटरी म्हातारी होत जाते. दहाव्या वर्षी ८० टक्के राहील असं धरलं तर सरासरी ९० टक्के, म्हणजे १,४२० ऐवजी १,२८० युनिट. भागाकार १३ रुपये ६७ पैसे. एक युनिट दुपारकडून रात्रीकडे नेण्याचं हे भाडं. दुपार आणि रात्र यांच्या दरात एवढा फरक पडेपर्यंत बिलासाठी बॅटरी घेऊ नये. बॅटरी स्वस्त झाली की हाच खण बदलायचा.

म्हातारपणाबद्दल अजून एक. डेटाशीटवरची भरण्या-उपसण्याची सहा हजार आवर्तनं बहुधा २५ अंशांची असतात. जिन्याच्या वर पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवणार असाल, तर एप्रिलमध्ये दुपारी तिथे एकदा दहा मिनिटं उभे राहून या आणि मग ८० ऐवजी ७० धरा.

मग लाईट जाते त्याचं काय?

हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तोच त्याचा खरा प्रश्न होता. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्याच्या घरात पाणी आलं नाही, पण चार दिवस लाईट नव्हती, वडिलांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. नंतर सोलर बसवलं तेव्हा त्याला वाटलं होतं की आता तसं होणार नाही. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा भर उन्हात घर बंद. साधा ग्रीडचा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही थांबतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती सोय आहे, आणि ती हवीच.

मॉडेलमध्ये एक रकाना घाला: 'लाईट', १ किंवा ०. शून्य असेल त्या ओळीत आयात-निर्यात शून्य, आणि वापराऐवजी 'अत्यावश्यक वापर'. आम्ही फ्रिज, चार दिवे, दोन पंखे, राउटर आणि अर्धा तास मोटर धरली: दिवसाला अडीच युनिट. कधी पुरवता आलं नाही ते मोजायला आणखी एक रकाना, त्याला आम्ही 'अंधाराचे तास' नाव दिलं. लाईट कधी गेली याची नोंद वहीतून घ्या. नसेल तर महिनाभर ठेवा. सरासरी काढून सगळीकडे पसरू नका. दहा वेळा पंधरा मिनिटं आणि एकदा अडीच तास यांची बेरीज सारखीच, पण घराला लागणारी बॅटरी वेगळी.

इथे बिलाची बॅटरी आणि अंधाराची बॅटरी यांचं भांडण दिसतं. वरच्या सूत्रांप्रमाणे ती रोज संध्याकाळी उपसत गेली तर रात्री अकराला लाईट गेल्यावर टाकीत तळच असतो. म्हणून लाईट असताना उपसण्याचा तळ ०.५ ऐवजी २.५ करा, लाईट नसताना ०.५. बिलातला फायदा कमी होतो, अंधाराचे तास झपाट्याने खाली येतात. हा तळ १ पासून ४ पर्यंत बदलत जा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. एक्सेलच्या 'व्हॉट-इफ ॲनालिसिस'मधलं 'डेटा टेबल' हे आपोआप करतं. बॅटरीचा आकारही तसाच ०, २.५, ५, ७.५, १० असा चालवा. भाच्याच्या घरी पाचानंतर फायद्याची रेघ आडवी झाली, रात्रीचा वापरच तेवढा नाही.

मग आम्ही ५ ऑगस्ट २०१९ पासून चार दिवस 'लाईट'च्या रकान्यात शून्य घातली. हे वर्ष घेतलं होतं ते याचसाठी. पूर येतो तेव्हा ऊन नसतं. सरासरी ऑगस्ट घेतला असता तर मॉडेलने खोटा धीर दिला असता. त्या दिवसांत पॅनेल एरवीच्या निम्म्याहूनही कमी देत होतं. भरलेली बॅटरी एकटीच असती तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली असती. पण लाईट नसतानाही पॅनेल चालू ठेवणारा इन्व्हर्टर धरला तर चारही दिवस निघाले. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न: लाईट गेल्यावर पॅनेलवरून बॅटरी भरत राहते का? दुसरा: किती वॅटचा भार तेव्हा उचलते? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

तुलना कशाशी करायची तेही नीट ठरवा. फ्रिज, दिवे आणि राउटर दोन-तीन तास चालवायला साधा घरगुती इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी (१२ व्होल्ट, म्हणजे १.८ युनिट, त्यातलं निम्मंच वापरावं) पुष्कळ असते. तीही त्याच सूत्रांत घाला. रोजच्या पाव-अर्ध्या तासाच्या भारनियमनाला तीच जिंकते. पुराला ती पुरत नाही.

ज्यांना एक्सेलचा कंटाळा आहे त्यांनी एनआरईएल या अमेरिकी प्रयोगशाळेत तयार झालेलं सॅम (सिस्टीम ॲडव्हायझर मॉडेल) हे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं, तेही फुकट. त्यात बॅटरीचं तपशीलवार मॉडेल आहे आणि कधी भरायचं-कधी उपसायचं याचे पर्याय आहेत. फक्त एक सांभाळा: उद्याचं ऊन आणि उद्याचा वापर आधीच माहीत आहे असं धरणारा पर्याय निवडू नका. तो ज्योतिषी असतो, तुमचा इन्व्हर्टर नसतो. कालच्यावरून आजचा अंदाज बांधणारा पर्याय घ्या. तरी माझं मत असं की पहिलं मॉडेल हाताने करावं, म्हणजे सॅमने काही विचित्र सांगितलं तर भुवया तरी वर जातात.

कारखानावाल्यांना एवढंच सांगते की तुमचा हिशेब वेगळा आहे. तिथे युनिटांसोबत कमाल मागणीचे पैसे असतात, उच्चदाबाला केव्हीए आणि पॉवर फॅक्टर येतो, आणि अर्ध्या तासाच्या मॉडेलमध्ये मोटर सुरू होतानाचे झटके विरघळून जातात. मीटर जेवढ्या मिनिटांची सरासरी धरतो तेवढ्याच मिनिटांच्या ओळी करा.

भाच्याने शेवटी ट्युब्युलर बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर घेतला, इन्सुलिनसाठी एक चांगली थंड पेटी घेतली, आणि फाईल पेनड्राइव्हवर घेऊन गेला. महिन्याभराने फोन आला.

"मावशी, सासुरवाडीचं घर टाकलं फाईलमध्ये. तिथंही नेट मीटर आहे. बॅटरी शून्य केली की वर्षाचे अंधाराचे तास ६१२ येतात. चुकलंय का काही?"

"लाईटचा रकाना कशावरून भरलास?"

"सासूबाईंनी तीन आठवडे कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, गेली कधी, आली कधी."

"मग सूत्र बरोबर आहे. आता बॅटरी ५.१२ कर आणि तळ २.५ ठेव. मी फोनवरच आहे."